तलावातलं क्लोरीन आणि पोहणाऱ्यांचे केस

नियमित पोहणाऱ्यांमध्ये केसांचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं, क्लोरीनने केस गळतात, पुढे टक्कल पडतं. दुसरं, एवढं काही नसतं, घरी जाऊन शाम्पू लावला की झालं. पहिलं मत उगाच घाबरवतं. दुसरं मात्र जास्त महागात पडतं, कारण क्लोरीनला केसाचं जे करायचं असतं ते शाम्पूची बाटली उघडण्याआधीच करून झालेलं असतं. शाम्पूने उरलंसुरलं क्लोरीन, क्षार आणि तेलकटपणा निघतो. झिजलेला केस भरून येत नाही. म्हणून केस सांभाळायचे तर पाण्यात उतरण्याआधीची पाच मिनिटं सर्वांत मोलाची, त्याखालोखाल बाहेर पडल्यावरची पाच. महागड्या बाटल्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

हे असं का, ते कळायला केस कसा बनलेला असतो आणि तलावाच्या पाण्यात नेमकं काय असतं, या दोन्हीकडे जरा जवळून बघावं लागेल.

एक केस हातात घ्या

विंचरताना निघालेला एक लांब केस घ्या. तो चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा; बोटं सुळकन सरकतात. आता उलट, टोकाकडून मुळाकडे फिरवा. बोटं किंचित अडखळतात, बारीकशी खरखर जाणवते. ही खरखर खवल्यांची. केसाच्या पृष्ठभागावर चपटे, पारदर्शक खवले एकावर एक चढलेले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेला असतात. केसाची एकूण जाडी ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग. त्यात खवल्यांचे सहा ते दहा थर, आणि प्रत्येक थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. संरक्षण म्हणून केसाकडे एवढंच असतं.

खवल्यांच्या आत गाभा. तिथे केराटिन या प्रथिनाचे लांब तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये रंगद्रव्याचे, मेलॅनिनचे कण विखुरलेले असतात. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. केसाची ताकद, ताणल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येण्याचा गुण, हे सगळं बरंचसं या बंधांवर अवलंबून असतं.

सर्वांत बाहेर, खवल्यांच्याही वर, मेदाम्लाचा एक अतिपातळ थर असतो. तो फक्त एका रेणूइतका जाड असतो, पण काम मोठं करतो. निरोगी केसावर पाण्याचा थेंब लगेच पसरत नाही आणि केस एकमेकांवरून अलगद घसरतात, ते या थरामुळे. तो केसाला रासायनिक बंधाने जोडलेला असल्यामुळे रोजच्या शाम्पूने जात नाही. ब्लीच, अल्कधर्मी रसायनं आणि क्लोरीनसारखे ऑक्सिडीकारक मात्र तो काढून टाकतात, आणि एकदा गेला की त्या केसावर तो पुन्हा तयार होत नाही.

पुन्हा तयार होत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. त्यात रक्त नाही, जिवंत पेशी नाहीत. जखम भरते तसा तो भरत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसांची टोकं अडीच वर्षांची झालेली असतात. त्या अडीच वर्षांतलं सगळं पोहणं त्या टोकांनी सोसलेलं असतं, मुळाजवळच्या केसांनी नाही. एकाच केसाचा वरचा भाग मऊ आणि खालचा राठ का, याचं उत्तर इतकं सरळ आहे.

टक्कल पडण्याच्या भीतीलाही इथेच उत्तर मिळतं. केस जिथे तयार होतो ते मूळ त्वचेच्या आत असतं. क्लोरीनचा मारा बसतो तो बाहेरच्या मृत भागावर. त्यामुळे पोहणाऱ्यांचे केस मुळातून गळण्यापेक्षा मध्येच तुटतात, टोकं दुभंगतात. यातला फरक घरी बघता येतो. फणीत आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढुरका, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान गाठीसारखा भाग दिसला तर तो मुळापासून आलेला आहे, आणि असे थोडे केस रोज प्रत्येकाचेच गळतात. दोन्ही टोकं नुसतीच संपलेली असतील, लांबीही कमीजास्त असेल, तर तो तुटलेला आहे. मुळासकट केस पुंजक्याने यायला लागले असतील तर तलावाला दोष देत बसू नका. लोहाची कमतरता, थायरॉइड, मोठं आजारपण अशी कारणं तपासायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

पाण्यात काय असतं

तलावात क्लोरीन वायूच्या रूपात सोडोत, पावडर टाकोत, द्रावण ओतोत किंवा गोळ्या, पाण्यात गेल्यावर कामाला येतं ते हायपोक्लोरस आम्ल. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवण्याची पद्धत आहे. पीएच ७.५ च्या आसपास असताना क्लोरीनपैकी निम्मं या आम्लाच्या रूपात असतं आणि निम्मं हायपोक्लोराइटच्या, ज्याचा मारा बराच सौम्य असतो. मोकळ्या क्लोरीनचं प्रमाण बहुतेक तलावांत लिटरला एक ते तीन मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं.

आकडा ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो, आणि एका दिवसाच्या पोहण्यापुरता तो किरकोळच आहे. सुटीत दोन-चार वेळा डुंबणाऱ्याने या लेखातलं निम्मं विसरलं तरी चालेल. प्रश्न येतो तो आठवड्याला चार दिवस, तासभर, वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांचा. हायपोक्लोरस आम्ल जंतूंना मारतं ते त्यांच्या प्रथिनांवर हल्ला करून. केसही प्रथिनाचाच. कोणतं प्रथिन जंतूचं आणि कोणतं तुमच्या वेणीचं, हे त्या रेणूला कळत नाही.

हे नातं जुनं, माहितीतलं आहे. १९१६ मध्ये फॉन आल्वर्डेन या जर्मन संशोधकाने लोकरीचे तंतू क्लोरीनच्या पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेव्हा तंतूंच्या पृष्ठभागावर फुगे उठलेले दिसले. खवल्याच्या बाहेरच्या पापुद्र्याआड असलेलं प्रथिन क्लोरीनमुळे मोडतं, त्याचे तुकडे पाण्यात विरघळतात, पण पापुद्र्यातून बाहेर पडू शकत नाहीत. पाणी मात्र आत येत राहतं आणि पापुद्रा फुगतो. माणसाच्या केसावरही हे फुगे उठतात. त्या प्रयोगातलं पाणी तलावापेक्षा कितीतरी तीव्र होतं, त्यामुळे पोहताना तुमच्या केसांवर फुगे येत असतील असं समजू नका. पण क्लोरीन केसाच्या कोणत्या भागावर कसं काम करतं, ते त्यातून लख्ख दिसलं.

कापड उद्योगाने याचा फायदाही करून घेतला. लोकरीचे कपडे मशीनमध्ये धुतले की आटतात, कारण तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून बसतात. मग लोकरीवर मुद्दाम क्लोरीनची प्रक्रिया करतात. खवल्यांच्या कडा झिजतात, अडकणं थांबतं. त्यावर रेझिनचा पातळ लेप देऊन तंतू पुन्हा गुळगुळीत करतात. लोकरीला निदान तो लेप मिळतो. पोहणाऱ्याच्या केसांना तेवढीही सोय नाही.

काळ्या केसांचं काय होतं, हेही तपासलेलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात स्पर्धेत उतरणाऱ्या जलतरणपटूंचे केस बघितले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या केसांचा रंग उतरून सोनेरी-तपकिरी झालेला आढळला. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की पाण्याच्या सततच्या घर्षणाने खवले आधी निघतात, मग हायपोक्लोरस आम्ल गाभ्यात शिरतं आणि मेलॅनिनचा रंग घालवतं. यातली घर्षणाची गोष्ट ध्यानात ठेवा, टोपीच्या वेळी ती कामाला येईल. केसाच्या आतले गंधकाचे बंधही याच ऑक्सिडीकरणात तुटतात. केस तुटका होतो, पाणी जास्त पितो, आणि पुढच्या वेळचं क्लोरीन आणखी सहज आत घेतो. एकदा झीज सुरू झाली की पुढची झीज वेगाने होते ती अशी.

वासाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. तलावाजवळ गेल्यावर नाकात जातो तो झणझणीत वास शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरची क्रीमं यांतल्या नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हणजे जितका वास जास्त, तितकं पाणी अधिक मळलेलं. उतरण्याआधी अंगावर शॉवर घ्या असं पाटीवर लिहिलेलं असतं ते शिष्टाचार म्हणून लिहिलेलं नसतं; मिनिटभराच्या आंघोळीनेही अंगावरची बरीच घाण तलावात जायची वाचते.

आणि ज्यांना वाटतं की मिठाच्या पाण्याच्या तलावात क्लोरीन नसतं, त्यांच्यासाठी: असतं. तिथे मिठाच्या द्रावणातून वीज सोडून जागच्या जागी क्लोरीन तयार करतात. प्रमाण सहसा स्थिर राहतं म्हणून पाणी सौम्य वाटतं, पण केसांची काळजी तीच.

हिरव्या केसांचा आरोपी वेगळाच

सोनेरी किंवा ब्लीच केलेल्या केसांवर तलावात हिरवट झाक चढते, आणि दोष क्लोरीनला मिळतो. खरा आरोपी तांबं. शेवाळ होऊ नये म्हणून काही तलावांत तांब्याचे क्षार टाकतात. शिवाय पाण्याचा पीएच खाली गेला तर तांब्याचे पाइप आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राचे तांब्याचे भाग हळूहळू झिजून पाण्यात उतरतात. हे तांबं केसाच्या प्रथिनाला चिकटतं. क्लोरीन इथे साथीदाराची भूमिका करतं: ऑक्सिडीकरणाने केसात ऋण प्रभाराच्या जागा वाढतात आणि धन प्रभाराचं तांबं तिथे घट्ट बसतं. ब्लीचने अशा जागा आधीच वाढलेल्या असतात, म्हणून ब्लीच केलेले केस सर्वांत आधी हिरवे पडतात.

काळ्या केसांवर हिरवा रंग दिसत नाही, म्हणून तांबं नाही असं नव्हे. ते असतं आणि दोन वेळा त्रास देतं. एक, उन्हात: तांब्यामुळे सूर्यप्रकाशाची झीज वाढते. दुसरं, केसांना रंग लावताना: रंगातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी तांब्याची गाठ पडली की अतिशय आक्रमक रेणू तयार होतात आणि नेहमीपेक्षा जास्त नुकसान होतं. पार्लरमध्ये खुर्चीत बसल्यावर "मी रोज पोहते" हे आधी सांगून टाकावं ते यासाठी. जाणकार हात असेल तर रंगाआधी धातू काढणारा शाम्पू वापरेल.

उतरण्याआधी

कोरडा केस पाण्यात बुडवला की काही मिनिटांतच तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी शोषतो आणि साधारण पंधरा टक्क्यांनी जाड होतो. फुगताना खवले उचलले जातात. आता विचार करा, हे पहिलं पाणी कुठलं असावं? कोरड्या केसांनी थेट तलावात उडी मारली तर तलावाचं. शॉवरखाली दोन मिनिटं उभं राहिलं तर नळाचं, ज्यात क्लोरीन असलं तरी सहसा बरंच कमी. आधीच भरलेल्या केसात तलावाचं पाणी शिरतं, पण ते आतल्या पाण्याशी हळूहळू अदलाबदल होऊनच. तासाभरात अदलाबदल होतेच, त्यामुळे नुसते केस भिजवून उतरणं म्हणजे चिलखत घालणं नव्हे. पण उपाय फुकट आहे, वेळ लागत नाही, आणि पुढच्या पायरीचा तो पाया आहे. फक्त केस वरवर ओले करू नका. दाट केसांत बोटं घालून आतले थर भिजेपर्यंत पाणी जाऊ द्या, मग हाताने दाबून जास्तीचं पाणी काढा.

पुढची पायरी कंडिशनरची. न धुता ठेवायचा, ज्याला लीव्ह-इन म्हणतात, तो घ्या, किंवा साध्या कंडिशनरचा अगदी पातळ हात फिरवा. कंडिशनरच्या मुख्य घटकांवर धन प्रभार असतो आणि झिजलेल्या केसावर ऋण. त्यामुळे केस जिथे जास्त खराब, तिथे कंडिशनर आपोआप जास्त चिकटतो. तुम्हाला वेगळं शोधत बसावं लागत नाही. कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना लावा. कपाळाजवळ, मानेच्या रेषेवर लावू नका, नाहीतर टोपी दर दोन फेऱ्यांनी वर सरकत राहील.

तेलाबद्दल मात्र जरा सविस्तर. खोबरेल तेलाचा मान मोठा आहे आणि तो निव्वळ श्रद्धेवर उभा नाही. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते, म्हणून ते तेल केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल बघितलं गेलं. धुण्याआधी लावल्यावर केसातून प्रथिन वाहून जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलने. आत तेल असलं की केस पाण्यात फुगतोही कमी. एवढं सगळं बाजूने असूनही, चपचपीत तेल लावून तलावात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते तेल पाण्यावर तरंगतं, गाळणीत जाऊन बसतं, आणि त्याचा निपटारा करण्यात तलावातलं क्लोरीन खर्ची पडतं. बऱ्याच तलावांच्या नियमांत तेल लावून यायला मनाई असते, ती योग्यच आहे. शिवाय तेलाने लॅटेक्सची टोपी सैल पडून लवकर फाटते. खोबरेलचा फायदा हवाच असेल तर आदल्या रात्री थोडं लावा. जे आत मुरायचं ते रात्रभरात मुरतं, आणि उतरण्याआधीच्या शॉवरमध्ये वरचं तेल सौम्य शाम्पूने काढता येतं.

टोपीकडून काय अपेक्षा ठेवायची

टोपीने केस कोरडे राहतात ही समजूत पहिल्याच दिवशी मोडते, आणि मग पुष्कळ जण टोपी घालणंच सोडतात. हे चुकतं. टोपीत मानेकडून आणि कानांजवळून पाणी शिरणारच. पण आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून राहतं. त्या थोड्याशा पाण्यात क्लोरीनही थोडंच असतं, आणि ते लवकर संपतं. मोकळ्या केसांना मात्र हाताच्या प्रत्येक फटक्यासरशी ताजं, क्लोरीनने भरलेलं पाणी भिडत राहतं. दुसरा फायदा घर्षणाचा. जपानी अभ्यासात म्हटलं तसं, वाहतं पाणी खवले घासून काढतं. टोपीत केस स्थिर असतात, ही घासाघीस जवळजवळ थांबते. तेव्हा टोपी भिजते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

कापडाची, म्हणजे लायक्राची टोपी डोक्याला आरामशीर असते, पण पाणी तिच्यातून आरपार जातं. केस चेहऱ्यावर येऊ नयेत एवढंच ती करते. लॅटेक्सची टोपी घट्ट बसते, हलकी असते, मात्र काढताना केस उपटून काढल्यासारखं वाटतं. रोज पोहणाऱ्याने सिलिकॉनची घ्यावी. ती जाड असते, घसरून चढते, केसांना धरून ओढत नाही आणि टिकतेही जास्त.

लांब केसांची एक सैलसर वेणी घाला आणि तिचा अंबाडा मानेच्या जरा वर, मागच्या बाजूला बसवा. टाळूवर नको, तिथे टोपी टोकदार होऊन वर सरकते. धातूच्या पिना आणि घट्ट रबर वापरू नका. ओल्या केसाला रबर जिथे आवळतं तिथेच तो तुटतो. टोपी घालताना दोन्ही हात आत घालून ती ताणा, पुढची कड कपाळावर टेकवा आणि मागे ओढत अंबाड्यावरून खाली आणा. ओल्या केसांवर सिलिकॉनची टोपी कोरड्यापेक्षा सहज चढते.

खूप दाट, कुरळे किंवा जटा असलेल्या केसांना नेहमीच्या मापाची टोपी बसतच नाही, ही अडचण बरीच वर्षं कोणी मनावर घेतली नव्हती. अशा केसांसाठी बनवलेल्या सोल कॅप या मोठ्या टोपीला २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या आधी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने मान्यता नाकारली, त्यावर भरपूर टीका झाली, आणि २०२२ मध्ये तीच टोपी स्पर्धांसाठी मंजूर झाली. स्पर्धेत उतरायचं नसेल तर परवानगीचा प्रश्नच नाही. केस खच्चून कोंबण्यापेक्षा मोठ्या मापाची टोपी शोधा.

बाहेर आल्यावर

तलावातून बाहेर आलात म्हणून क्लोरीनचं काम लगेच थांबत नाही. केसांत राहिलेलं पाणी आपलं काम करत असतं, आणि ते सुकत गेलं की क्षार आणि तांबं मागे राहतात. टोपी डोक्यावर तशीच ठेवून अर्धा तास गप्पा मारल्या, तर केस तेवढा वेळ त्याच पाण्यात भिजत राहतात. आधी शॉवर, मग गप्पा. कोमट पाण्याखाली केस मोकळे करून दोन-तीन मिनिटं बोटांनी उलगडत राहा. बहुतेक क्लोरीन या साध्या पाण्यानेच निघून जातं.

त्यानंतरही केसांना वास येत राहत असेल तर क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, उपयोगी पडतं. यात जादू काही नाही, सरळ रसायनशास्त्र आहे: ॲस्कॉर्बिक आम्ल क्लोरीनला निरुपद्रवी क्लोराइड करून टाकतं. वजनाने एक भाग क्लोरीनला साधारण अडीच भाग ॲस्कॉर्बिक आम्ल लागतं. हिशोब केला तर एक ग्रॅम पावडर चारशे मिलिग्रॅम क्लोरीन निकामी करते, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं दोनशे लिटर पाणी. केसांत तर पेलाभर पाणीही जेमतेम मावेल. म्हणून फवाऱ्याच्या छोट्या बाटलीत चिमूटभर पावडर पुरे. जास्त घातल्याने जास्त फायदा नाही, उलट पाणी आंबट होऊन डोळ्यांत गेलं तर झोंबतं. द्रावण ताजंच करावं, कारण हवेने ते बिघडतं. फवारा मारायचा, मिनिटभर थांबायचं, धुऊन टाकायचं. याने झालेली झीज भरत नाही आणि घट्ट बसलेलं तांबंही हलत नाही.

तांब्यासाठी लागतो धातू पकडून ठेवणारा शाम्पू. बाटलीवर 'पोहणाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असो वा नसो, मागची घटकांची यादी वाचा. ईडीटीए किंवा फायटिक आम्ल यादीत बऱ्यापैकी वर असेल तर तो कामाचा. साध्या शाम्पूतही ईडीटीए असतं, पण ते टिकवण्यापुरतं, शेवटी-शेवटी नाव असतं. हा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरे, कारण तो केस चांगलाच स्वच्छ करतो आणि रोज वापरला तर केस आणखी कोरडे पडतात. इतर दिवशी सौम्य शाम्पू फक्त टाळूला, आणि कंडिशनर मात्र प्रत्येक पोहण्यानंतर. खाण्याचा सोडा लावून क्लोरीन काढण्याचा सल्ला फिरत असतो, तो टाळा. सोडा अल्कधर्मी आहे आणि अल्कधर्मी पाण्यात खवले आणखी उघडतात.

आता पुसणं आणि विंचरणं. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो, जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसू नका. टॉवेल दाबून पाणी टिपा. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवा, मग हळूहळू वर सरका. कंडिशनर लावलेला असतानाच शॉवरखाली विंचरलं तर निम्मे तुटणारे केस वाचतात असं माझं निरीक्षण आहे. ड्रायर वापरायचाच असेल तर कोमट हवेवर आणि दूर धरून. निथळत्या केसांना तापलेलं इस्त्रीचं यंत्र लावलं तर केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या होतात. अशा जागी केस नंतर नुसत्या कंगव्याने मोडतो.

रंगवलेले, सरळ केलेले आणि लहान मुलांचे केस

रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग यांतल्या कशानेही केसाचा बाहेरचा मेदाचा थर किंवा आतले गंधकाचे बंध आधीच दुबळे झालेले असतात. असे केस पाणी झपाट्याने पितात. त्यांच्या बाबतीत वर सांगितलेलं सगळं ऐच्छिक राहत नाही, टोपीसह सगळंच करावं लागतं. यातली कोणतीही प्रक्रिया नव्याने करायची असेल तर ती पोहण्याचा हंगाम संपल्यावर करा. आत्ताच केली असेल तर पुन्हा तलावात कधी उतरायचं, ते करणाऱ्यालाच विचारा. प्रत्येक प्रक्रियेचा अवधी वेगळा.

उघड्यावरच्या तलावात उन्हाचाही मारा असतो. तिथे टोपीचा तिसरा उपयोग म्हणजे सावली.

लहान मुलांचे केस मोठ्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे गुंता लवकर होतो. त्यांना दहा पायऱ्या पाळायला लावण्यात अर्थ नाही. टोपी, बाहेर आल्या आल्या शॉवर, आणि कंडिशनर लावून विंचरणं, एवढ्या तीन गोष्टींवर अडून बसा. लॅटेक्सची टोपी मुलांच्या केसांना हमखास ओढते आणि त्यावरूनच पोहण्याची रडारड सुरू होते, तेव्हा त्यांच्यासाठीही सिलिकॉनचीच घ्या, लहान मापाची.

टोकं दुभंगलेली असतील तर ती चिकटवणारं कोणतंही मलम नाही. सिलिकॉनयुक्त सीरमने पुढच्या धुण्यापर्यंत ती एकत्र राहतात, दिसायला बरी वाटतात, आणि तेवढ्यापुरतं ते वापरायला हरकत नाही. पण फूट वर चढत जाते. नियमित पोहणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी टोकं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कापून घ्यावीत. दोन-तीन महिन्यांत केस वाढतात दोन-तीन सेंटिमीटर, तेव्हा लांबी कमी होण्याची चिंता नको.